घेवड्याचे दाणे

लिलाँग्वेच्या सभागृहात
प्रत्येकाला पाच दाणे मिळाले घेवड्याचे.
भिंतीवर सोळा आजार, खाली सोळा वाट्या.
देशाने आधी कशाचा शोध घ्यावा,
ते दाण्यांनी ठरवायचं.

पैसे देणाऱ्यांच्या आवडीच्या वाट्या
जेवणाच्या सुट्टीआधीच भरल्या.

न्सांजेहून आलेली नर्स, एलुबी म्वाले,
रांगेवरून दोनदा फिरून आली.
"साप चावल्याची कुठे?"
यादी चाळली. नव्हती.
"आकडेवारीच नाही ना," मी म्हणालो.
"वाटेतच संपलेली माणसं
कुठल्या रजिस्टरात येतात, साहेब?"

तिने चहाचा कप झटकला,
रांगेच्या टोकाला ठेवला,
पाचही दाणे त्यात.

इतिवृत्तात मी लिहिलं : वाट्या सोळा.
खोडलं.
संध्याकाळी मोजताना
तळाच्या साखरेला चिकटलेले ते पाच
नखाने सोडवावे लागले.