खडखड

गावाचं नाव फॉल्कन्सबी.
नकाशात ते नेमकं घडीवर येतं, म्हणून निम्मं पुसलेलं.
मॅनिटोबातली सपाट, कुठंच न अडणारी जमीन,
आणि जिथं रस्ता रुळांना आडवा जातो
तिथं मी घडीची खुर्ची टाकून बसले आहे, ऑक्टोबरपासून.

माझं काम मोजायचं.
जुने टायर दळून, चाळून,
त्यातल्या पोलादी तारा चुंबकानं वेचून,
साच्यात दाबून केलेल्या काळ्या लाद्या.
फळ्या उपसल्या, या बसवल्या.
आता थंडीत त्या किती आखडतात,
गव्हाच्या ट्रकखाली किती दबतात,
दबल्यावर किती वेळानं भानावर येतात, ते लिहायचं.
आज उणे एकतीस.
पेनातली शाई गोठते, म्हणून शिसपेन्सिल.

ओरेस्ट ह्नातिउक रोज येतो. वय एक्याऐंशी.
पहिल्या दिवशी वाकून बोटानं लादी वाजवून पाहिली,
बाजारात कलिंगड वाजवतात तशी.
म्हणाला, "यात माझेही टायर असणार.
चौतीस वर्षं ट्रक हाकला.
मी पैसे मोजून घासले,
आता सरकार पैसे मोजून पसरतंय."
आणि थर्मासमधला चहा मला न विचारता ओतला.

रुळाच्या आतल्या अंगाला खाच ठेवावीच लागते,
गाडीच्या चाकाची कड तिच्यातून जाते.
फळ्या होत्या तेव्हा ती चार बोटं रुंद झाली होती.
ओल्हाच्या खुर्चीचं पुढचं लहान चाक
तिथंच अडकलं, तीन वर्षांपूर्वी.
गाडी येत नव्हती. मंगळवारी गाडी येतच नाही.
तरी अकरा मिनिटं तो गुडघे टेकून चाक ओढत होता,
आणि ओल्हा रूळ जिथं संपल्यासारखे दिसतात तिकडं बघत होती.
"एवढी गप्प ती माझ्या लग्नातही नव्हती."
मग त्यानं अर्ज केले. एकोणीस.
लाद्या आल्या तेव्हा ओल्हाला जाऊन सहा महिने झाले होते.

आता खाचेत रबराची जीभ आहे.
चाकाखाली वाकते, चाक गेलं की उठते.
उणे एकतीसला ती किती सावकाश उठते,
ते मी घड्याळ लावून बघते.
तोही बघतो. माझ्याआधी आकडा सांगतो.

गेल्या बुधवारी म्हणाला, "ऐकू येत नाही."
मला वाटलं कानांचं सांगतोय.
"फळ्या वाजायच्या. स्वयंपाकघरात कळायचं
कोण आलं. टपालवाली घाईत,
गुडरुनची शाळेची बस आधी थबकून, मग दाणदाण.
बोहदान रात्री दोनला परतायचा,
दोन खडखडी, आणि ओल्हा झोपेतच म्हणायची, आला.
कूस बदलायची.
आता सगळे मोजे घालून जातात.
लिही तुझ्या वहीत."

वहीत आवाजाचा रकाना आहे.
त्यात चौदा डेसिबल घट लिहिलेली,
आणि पुढं छापलेलंच आहे: समाधानकारक.
मी पेन्सिलीचं टोक चाटलं. गार लागलं.
शेऱ्यात लिहिलं:
अर्जदारानं जुनी एक फळी मागितली. दिली.

कंत्राटदाराचा पोरगा आणि मी, दोघांनी उचलली.
तेलानं काळी, खिळ्यांच्या भोकांत बर्फ.
त्यानं ती आपल्या फाटकाशी आडवी टाकली,
नीट बसवली नाही. मी पाचर देऊ केली,
तर हातानंच नको म्हणाला.

रात्री दोनची नोंद घ्यायला उठले होते.
एक पिकअप रुळांवरून गेली,
माझ्या लाद्यांवरून, मांजरासारखी.
दाब ठीक. सरक नाही. भेग नाही.
मग पलीकडं, अंधारात, त्या घरापाशी:
खड.
जरा थांबून, मागच्या चाकांचं,
खड.

ते ठिकाण चाचणीच्या हद्दीबाहेर आहे.
स्वयंपाकघरातला दिवा, जो मला वाटलं विसरून राहिलाय,
तेवढ्यात विझला.