पिस्ता

पडद्यावर ती कायम करडी दिसली.
छप्पन सालची प्लिमथ, लांबलचक, मागे माशासारखे पर,
आणि खरा रंग सोललेल्या पिस्त्याचा.
हे ठाऊक असलेली माणसं आता चारेक उरली असतील,
त्यातली एक मी.

सकाळी सहा ते दहा तकसीम ते सारियेर,
आठ उतारू, नववा कोंबून.
दहानंतर बाबा तिचं तोंड पुसायचे
आणि ती सिनेमात जायची.
निर्माते फेथी बे यांच्याकडे गाड्या दोनच.
दुसरी चालत नव्हती.
म्हणून इस्तंबूलचे झाडून सगळे श्रीमंत
आमच्या गाडीतून उतरले.
सोमवारी कारखानदार, मंगळवारी त्याचा खुनी,
बुधवारी बॉनेटवर कागदी फुलं, आत नवरी,
आणि एकदा चादर घालून रुग्णवाहिकासुद्धा.
पुठ्ठ्याची नंबरपाटी बदलली की झालं.
बहुरूप्याला आणखी काय लागतं?

डावीकडचं मागचं दार दोरीनं बांधलेलं होतं,
तेव्हा जो तो उजवीकडूनच उतरे.
कुणा समीक्षकानं त्यावर रकानाभर लिहिलं:
दिग्दर्शकाची खास शैली.
ते कात्रण बाबांनी दोरीशेजारीच चिकटवलं.

नायकांना गाडी चालवता यायची नाही.
चेहरा त्यांचा, हात झेकाई उस्तांचे.
अंगठ्यावर जॅक निसटल्याची खूण,
ती झाकायला मेकअपवाला पावडर थापे,
घामानं ती दुसऱ्या वळणालाच उतरे.
आई गल्लीत सांगायची,
ह्यांनी आजवर तेवीस बायका टाकल्या,
मध्यरात्री, पावसात, वळूनही न बघता;
आणि संध्याकाळी वांगी घेऊन घरी हजर.

मी सात वर्षांची असताना ती कड्यावरून पडली.

फेरीकॉयचं उघड्यावरचं थिएटर, लाकडी खुर्च्या,
मांडीवर सूर्यफुलाच्या बियांचा पुडा.
समुद्राकडे सुटलेली ती गाडी,
स्टिअरिंगवर तो हात, ती खूण,
मग कडा,
मग खाली काहीतरी पेटलेलं.
मी अशी किंचाळले की मशीनवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.
बाबा शेजारीच बसले होते. बिया फोडत होते.
मी त्यांच्या हाताला चावले, खरा आहे का बघायला.
ते म्हणाले, बाहेर उभी आहे, जा, हात लावून ये.

मी धावले.
भिंतीपलीकडे, दिव्याच्या खांबाखाली
ती पिस्ता रंगाची, चाकाखाली वीट,
बॉनेट अजून कोमट.
आत थिएटरमध्ये लोक तिच्यासाठी रडत होते,
आवाज भिंतीवरून येत होता.
मी गाल टेकून उभी राहिले.
पुढचा सिनेमा मी पाहिलेला नाही.

नंतर तिच्या पोटात ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन घातलं.
नंतर ती खोकायला लागली, बाबाही.
ब्याऐंशी साली भंगारवाल्यानं तिला वजनावर घेतलं.
बाबांनी काट्यावरचा आकडा नीट वाचला,
दोनदा वाचला, आणि नोटा न मोजता खिशात घातल्या.

परवा रात्री तोच सिनेमा टीव्हीवर लागला.
संगणकानं रंगवलेला.
समुद्र निळा, नायकाचे ओठ गुलाबी,
आणि गाडी लाल.
टोमॅटोसारखी लालभडक.

मी चॅनेलला फोन लावला.
पलीकडे कुणी तरुण मुलगी, झोपाळलेली, पण सभ्य.
म्हटलं, गाडी पिस्ता रंगाची होती.
तिनं लिहून घेतलं बहुधा.
विचारलं, आपण कोण, सिनेमाशी संबंध काय?
समोर गाडी कड्याच्या टोकाशी आलेली.
मी म्हटलं, थांब जरा,
हा हात जाऊ दे.