सव्वादोन मण

सावंगा रोड स्टेशनात घंटा नव्हती,
कडुलिंबाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला.
गाडी यायची तेव्हा मी तो ठोकायचो,
आणि हस्केल झिराडकर गोणीला ठोसे मारायचा तेव्हाही.
तीन मिनिटं झाली की ठण्ण.
दोन्हींत तीच घंटा वेळेवर असायची.

सिग्नलवाला. मूळचा अलिबागेकडचा.
जात विचारली तर म्हणाला, यहुदी.
गावाला काही कळलं नाही.
"कोकणात आम्हाला शनवारतेली म्हणत,"
एवढं बोलायचा अवकाश,
श्रावण तेल्याने त्याला सोयरा करून टाकला.
त्याच सांजेला तेलाची बुधली घरी.
ती शुक्रवारच्या दिव्यात जळायची.
शनिवारची पाळी ढोकणे करायचा, बदल्यात रविवार.

जिनिंगच्या काट्यावर माझ्या बापाने त्याला तोललं,
एका पारड्यात तो, दुसऱ्यात लोखंडी मापं:
सव्वादोन मण.
"हेवीवेट," तो म्हणाला.
बापाने पावतीवर तेच लिहिलं,
मालाच्या रकान्यात.

गोणी सरकीची होती. उसवली की शेळ्या धावत यायच्या.
सकाळी तो गाडीसोबत पळायचा पिंपळखुट्यापर्यंत,
आधी पोचायचा,
आणि घाम पुसत इंजिनाला वाट दाखवायचा, ये बाई, ये.

आता कारकीर्द म्हणाल, तर ऐका.
नागपूर: वॉकओव्हर.
अकोला: वॉकओव्हर.
बडनेऱ्याला समोरचा आला, पण वजनात बसला नाही.
आख्ख्या वऱ्हाडात त्याच्या मापाचा
मार खायला राजी माणूस नव्हता.
रिकाम्या रिंगणात पंच त्याचा हात वर करायचा
आणि तो लाजायचा,
नवरीच न आलेल्या मांडवातल्या नवरदेवासारखा.
दर कपाला मिल्काबाई मलिदा करायची,
पोहे, खोबरं, गूळ, केळी,
एलियाहू नबीच्या नावाने.
आम्ही पोट्टे विचारायचो, "काका, मारलं कोणाले?"
"कोणालाच नाही. खा."

मग भुसावळ.
निघताना दाराच्या चौकटीवरच्या तिरक्या नळीला
त्याने हात लावला, हात ओठांना लावला.
ग्लोव्ह आधीच घातलेले होते, घरूनच.

समोर इगतपुरीचा फायरमन, रोझारिओ,
कोळसा लोटून लोटून खांद्यांना वशिंडं आलेली.
दुसऱ्या फेरीत हस्केल खाली.
मी दोरीपाशी, बादली धरून.
पंच एकेक बोट उघडत होता,
पाच, सहा, सात,
बादलीतलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं.
नवाला तो उठला.
उठला, एवढंच. पुढचं सांगण्यासारखं नाही.

परतीच्या गाडीत डावा डोळा मिटलेला.
बराच वेळ खिडकीबाहेर पऱ्हाट्या बघत राहिला,
मग म्हणाला,
"पुंडल्या, आज कोणीतरी आलं होतं रे."

तेव्हापासून त्याच्या डाव्या कानात वाजू लागलं.
गाडी नसली तरी सिग्नल पाडायला निघायचा.
मिल्काबाई मागून कंदील घेऊन जायची,
अडवायची नाही.

गेला तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.
मिल्काबाई म्हणाली, कद्दीशला दहा पुरुष लागतात,
आमच्यातले.
अंगणात सगळं गाव उभं, लाकडी बैल काखेत धरून पोरंसुद्धा,
त्यातला एकही चालेना.
श्रावण तेली पुढे झाला,
"मी त सोयराच आहो न, मले धरा."
कोणी हसलं नाही.
तारा केल्या होत्या. एकेक जण उतरत होता,
मी फलाटावर मोजत होतो.
दुपारपर्यंत चार. मग सहा.
शेवटच्या गाडीने सातवा, टोपी खिशातून काढत.
मिल्काबाई म्हणाली, "आता नका थांबू."

नाल्याकाठी पळसाखाली माती दिली.
कद्दीश राहिलाच.

नियम त्यानेच शिकवला होता मला:
दहा म्हटल्याशिवाय माणूस हरत नाही.

गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले,
लिंबाचा तुकडाही कोणीतरी भंगारात घातला.
बापाच्या चोपडीत ती पावती आहे अजून.
माल: हेवीवेट. वजन: सव्वादोन मण.
आणि खाली, माल पोचला इथे,
सही नाही.