अधिक-उणे

फकरुद्दीनभाईंच्या दुकानात दोन ढीग असायचे.
सरळ्यांचा आत, कापसात,
हिरवट अपोफिलाइट, दुधी स्टिलबाइट, विमानाची वाट बघत.
वाकड्यांचा बाहेर, पोत्यावर, किलोच्या भावात.
बाप सारुळच्या खाणीतून आणलेली पिशवी
अर्धी आत द्यायचा,
उरलेली उंबऱ्याबाहेर उपडी करायचा.

टिळेकर मॅडम आल्या त्या थेट पोत्यापाशी उकिडव्या बसल्या.
एक कॅल्साइट उचलला, बोटाएवढा,
मधेच वळलेला,
मागून कुणी हाक मारावी तसा.
हा कुठल्या भिंतीतला? म्हणाल्या.
भेगेचं तोंड कुठं होतं?
भाई हसले. बाप हसला नाही.
त्याला सुरुंगाचं प्रत्येक भोक आठवायचं:
खालून तिसरं, भेग तिरपी, अंजनेरीकडं कललेली.
आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला
भाव सोडून दुसरं काही विचारत होतं.

त्या महिन्यापासून मी कॉलेजात काचा घासते.
दगडाची चकती काचेवर चिकटवायची,
भुकटी, पाणी, गोल गोल हात,
विडीच्या पानाहून पातळ,
त्याहून पातळ,
जोवर दगडातून उजेड येत नाही.
जास्त घासलं तर काहीच उरत नाही.
अशा अकरा चकत्या मी धुऊन टाकल्या आहेत.

मग सूक्ष्मदर्शकाखाली तो वळलेला कॅल्साइट,
अंगभर बारीक पट्टे,
ओझं उचलताना मानेवर येतात तसे.
मॅडम सांगतात: आधी लाव्हा. तो निवला.
तडकला. तडीत पाणी झिरपलं,
पाण्यातून हा कणाकणानं उभा राहिला.
मग जमीन सरकली.
फार नाही, वीतभर.
हा वाकला, पण वाढायचा थांबला नाही, हे बघ,
वरचा थर सरळ आहे.
आतल्या थराचं वय काढायचं, वरच्याचं काढायचं,
दोघांच्या मधे कधीतरी
नाशिकखालची जमीन हलली.
कोणी नव्हतं तेव्हा. हाच होता.

मला हे समजायला वेळ लागला नाही.

बापाच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे.
सरळ बोटानं तूप निघत नाही, तो म्हणायचा.
आमच्या घरात तूप नव्हतं,
बोट तेवढं तयार होतं.
सिव्हिलच्या केसपेपरवर तारीख आहे,
अकरा फेब्रुवारी सत्त्याऐंशी,
घरातला तेवढाच एक खरा कागद.
माझ्या दाखल्यावर एक जून,
मास्तरांनी अर्ध्या वर्गाला तोच दिवस वाटला होता.
आईला विचारलं तर ती बोटावरून मोजते:
बोट मोडलं तेव्हा तू चालत होतीस, बोलत नव्हतीस.
दात चार. नाही, पाच.
गंगी पोटात होती, पण मला ठाऊक नव्हतं.
मॅडमच्या दगडात थरांवरून धक्का सापडतो,
आमच्याकडं उलटं,
धक्क्यावरून पोर.
आईची चूक दोन-चार महिन्यांची.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेचं पत्र आलं.
युरेनियम किती, शिसं किती,
एक मोठा आकडा, त्यापुढं अधिक-उणे,
त्यापुढं आणखी एक आकडा,
एवढा, की माणसाची सगळी जात
त्या उण्यातच मावून जाईल.
मॅडम खूश होत्या. छान आलाय, म्हणाल्या,
एवढी चूक चालते.

रात्री बापाला वाचून दाखवलं.
त्यानं आकडा ऐकून घेतला,
एखाद्या लांबच्या गावाचं अंतर ऐकावं तसा.
मग म्हणाला, आणि चूक किती?
सांगितली.
तो बराच वेळ गप्प.
मग हात दिव्यापुढं धरला,
चार बोटांची सावली, एक वळलेलं,
आणि म्हणाला,
वातीत माझी दोन सेकंदांची होती.