पहूरला खोळंबा

रात्रभर उतरत होतं ते,
चौदा जीबी, शेजारच्या मेडिकलवाल्याच्या वायफायवर,
त्याला दोन चहा कबूल करून.
सकाळी शटर अर्धंच वर केलं
आणि झेरॉक्स मशीनच्या आधी कॉम्प्युटर लावला.

पहूर स्टेशन गुलाबी.
कोणी रंग दिला असं नाही,
रंग सापडला नाही की हे यंत्र जो देतं, तो गुलाबी.
भिंत, बाक, पाण्याची टाकी,
पाटीवरचं गावाचं नावसुद्धा.
निंबाची झाडं जमिनीपासून दोन हात वर.
मुळं नाहीतच त्यांना,
जमिनीखाली कोण बघणार होतं.
स्टेशनमास्तर छपरातून कमरेपर्यंत बाहेर
आणि हात हलवतोय,
मी शिकवला होता तसाच.

सोबत चिठ्ठी: कामगिरीत सुधारणा.
खाली बारीक अक्षरात:
अरुंद रुळांचा आधार काढून घेण्यात आला आहे.
आधार म्हणे.
माझ्या दुकानात तो वीस रुपयांत रंगीत निघतो.

चार वर्षं, भो.
पाचोरा ते जामनेर, छप्पन किलोमीटर,
दुपारी गिऱ्हाईक नसताना
एकेक मोरी, एकेक फाटक.
शेंदुर्णीच्या वळणासाठी तीनदा गेलो मोटरसायकलवर,
पावलांनी मोजलं.
भोंगा यावलच्या रमजान तडवीचा,
म्हणजे खऱ्या गाडीचाच,
तिच्या शेवटच्या महिन्यात त्यानं मोबाईलवर धरलेला.
शेवटी एक बकरी ओरडते,
ती काढू नको म्हणाला.
स्लीपर कटकच्या कोण्या पोराचे.
पैसे किती विचारलं तर त्यानं आंब्याचा फोटो पाठवला,
त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.
निंब कोणाचे तेही ठाऊक नाही,
फाईलवर नुसतं लिहिलेलं: घ्या.

ज्यांनी बदललं त्यांनी यातलं काही बनवलं नव्हतं.
त्यांनी मला रिकामी जमीन विकली,
सपाट, हिरवी, साडेतीन हजाराला.
गाव आम्ही वसवलं.
आता जमीनच कूस बदलते
आणि वर आम्हालाच सांगते, सुधारले मी.

रविवारी सुपडू भंगाळे येतात, रिटायर गार्ड.
त्यांना इंजिन नको असतं.
शेवटच्या डब्यात कॅमेरा लावून द्यायचा,
मागे पडत जाणारे रूळ बघत बसतात,
भागदऱ्याला उगाच घसा खाकरतात.

मी आधीच सुरू झालो:
कंपनीला लिहिलं, उत्तर नाही,
जुनं परत टाकता येत नाही,
रमजानचा फोन लागत नाही.
ते चष्मा पुसत होते.
"गाडी पहूरलेच उभी ना?"
हो.
"मंग कायले ओरडू राहिला. पहूरचं पानी चांगलं."

खऱ्या गाडीच्या वेळची चिठ्ठी याहून लहान होती, म्हणाले.
पुढील सूचनेपर्यंत.
बस.
कामगिरी-बिमगिरी काही नव्हतं तिच्यात.

मग पिशवीतून डबा निघाला,
कळण्याची भाकर, अर्धी मला.
खाता खाता विचारलं, वही आहे का?
गाडी कुठं खोळंबली की गार्डानं लिहायचं,
स्टेशन, वेळ, कारण.
गाडी हलवणं त्याच्या हातात नसतं.

उधारीची वही उलटी केली, मागून सुरुवात:
पहूर. नऊ चाळीस.
झाडं अधांतरी, मास्तर छपरात.
कारण
इथं पेन अडलं.
"सुधारणा लिही," ते म्हणाले,
"अन् खाले सही कर. तुही कर, मी बी करतो."

ते गेल्यावर एक निंब धरला,
ओढत खाली आणला, टेकवला.
उरले दोन हजार एकशे पंधरा.
मध्येच एक बाई रेशनकार्डाच्या झेरॉक्सला आली,
गुलाबी स्टेशन बघून म्हणाली, छान दिसतंय.

रात्री शटर ओढायच्या आधी
भोंगा दाबून पाहिला.
भोंगा वाजला नाही.
थोडं थांबून
बकरी ओरडली.