न ची कळ

सीबीएसच्या मागे, कलेक्टर कचेरीच्या कुंपणाला टेकून
मन्सूर टायपिंग.
पाटी अब्बांची, गोदरेजचं मशीनही त्यांचंच,
स्टूल तेवढं माझं.
पानाला वीस रुपये. कार्बनचे वेगळे.

या भिंतीशी येणारा प्रत्येक मोर्चा
आत जाण्याआधी माझ्यासमोर बसतो.
गंजमाळचे फेरीवाले, सातपूरच्या बंद कंपनीतले फिटर,
घंटागाडीवाले,
एकदा तर संपावर गेलेला तलाठीसुद्धा,
ज्याच्याकडे सातबाऱ्यासाठी मी आठ हेलपाटे घातले होते.
त्याच्याकडूनही वीसच घेतले.

रस्त्यावर घोषणा कशाही असोत,
कागदावर आल्या की चपला बाहेर काढतात.
'मुर्दाबाद'चं होतं 'तीव्र नाराजी'.
'खुर्च्या खाली करा'चं 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा'.
हे मीच करतो. कुणी सांगितलेलं नाही.
हातांना वाकायची सवय.

म्हणून झिजली ती न ची कळ.
निवेदन, नम्र, विनंती, नाशिक...
साहेबापुढे जाणाऱ्या शब्दांत न फार.
गेल्या दिवाळीपासून तिचा दांडा अर्ध्यातच थांबतो,
कागदावर जागा सुटते,
मागाहून मी पेनाने भरतो.

काल मंजी भोये आली.
पेठकडच्या आश्रमशाळेत अकरा वर्षं रोजंदारीवर,
तीनशे पोरांच्या भाकऱ्या.
आता तिथे ठेकेदाराची माणसं येणार
आणि ही तेवीस दिवस गडकरी चौकात, डांबरावर,
तिच्यासारख्या दीडशे जणींसोबत.
चुली तिथेच मांडलेल्या.
परवा रात्री पोलिसांनी चुलीचे दगड गाडीत घालून नेले.
रीतसर पंचनामा केला:
नग नऊ. रंग काळा. वापरलेले.

मी कागद चढवला. विषय?
"आमचे दगड."

बोटं आपसूक निघाली:
वरील विषयान्वये आपणांस म्र...
तिने रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.
(अक्षरं ती चुलीपुढेच शिकली,
पाट्या घेऊन शेकायला येणाऱ्या पोरांकडून.)
"इथं काय सांडलंय?"
नम्र. न उठत नाही हो.
"नाही उठत तर राहू द्या.
कशाला त्याला मारून मारून उठवता?"

मग काय लिहू?

ती कुंपणापलीकडे बघत राहिली.
सिटी बस गेली, मागून एक रिकामी पोलीस व्हॅन.
"दगड द्या, नाहीतर ठेवा तुमच्या कपाटात.
गोदेत दगड काय कमी आहेत?
लिहा, आम्ही उठणार नाही."

पुन्हा न.

पेन खिशात होतं.
पण या न ला मागाहून भरणं बरं दिसेना.
मी अंगठा लावला, वरून तळहात टेकला,
अब्बा मेल्यावर त्यांचे डोळे मिटताना लावला होता तेवढाच जोर,
मग त्याहून जास्त.

दांडा उठला आणि असा आदळला
की कागदाला आरपार भोक.
खालच्या दोन्ही कार्बन प्रतींनाही.

आवक खिडकीतल्या कारकुनाने पान उजेडाला धरलं.
त्या भोकातून त्याला काय दिसलं, मला ठाऊक नाही.
शिक्का मारला. तारीख टाकली.
पोच दिली.

मंजी कमरेच्या पिशवीतून सुटे मोजत होती,
दोनाची नाणी, एकाची.
कार्बनचे मी घेतले नाहीत.