दोन बिघाड

नवतप्याचा तिसरा दिवस.
गोळीबार चौकातलं डांबर चपलेला चिकटतंय,
आणि माझ्या दुकानात श्रावस्ती मेश्राम,
डोक्यावर ओला दुपट्टा, हातात सुट्टीतल्या प्रकल्पाची वही.
मागे धाकटा भाऊ, खिशात कांदा.

"पराते काका, आभाळाले भोक पडलं ना,
म्हणून नागपूर इतकं तापते.
असंच लिहू ना?"

मी पाना खाली ठेवला.
असं नको लिहू, पोरी.
बिघाड दोन आहेत. मशीन एकच,
म्हणून भले भले घोटाळा करतात.

वरचा आधी ऐक.
माझा आजा कोष्टी, जन्मभर मागावर बसला.
त्यालाही जमलं नसतं असं एक कापड
उंच आभाळात आहे.
ऑक्सिजनच्या तीन-तीन कणांचा एकेक पीळ. नाव ओझोन.
विरळ इतकं की सगळं गोळा करून
खाली आणून दाबलं,
तर दोन नाण्यांच्या जाडीचं भरेल.
उन्हातले बोचरे किरण ते अडवतं.
आपली कातडी, आपले डोळे, भंडाऱ्याकडचा धान
त्याच्या भरवशावर.
गरमी नाही अडवत. खाली रेघ मार: गरमी नाही.

"मंग ते कुरतडलं कोणं?"

जुन्या फ्रिजमधल्या गॅसनं.
वास नाही, रंग नाही, आग नाही धरत.
आम्ही म्हणायचो, किती गुणाचा!
दुरुस्तीला फ्रिज आला की नळी कापायची,
फुस्स.
दिवसातून चारदा फुस्स.
हा हात बघ. ह्याच हातानं.

धाकटा म्हणाला, "तो गॅस आता कुठी आहे?"
वरच. शंभरेक वर्षं टिकतो.
तू म्हातारा होशील तेव्हाही
माझ्या वाटचा थोडा उरलेला असेल.

श्रावस्तीनं हे लिहिलं नाही.
पेन नुसतं धरून ठेवलं.

पण पुढचं लिही.
शास्त्रज्ञांनी सांगितलं, आणि देशांनी ऐकलं.
हो, ऐकलं! कुरकुरत का होईना,
तो गॅस बनवणं थांबवलं.
कापड पुन्हा विणलं जातंय,
सावकाश, एकेक धागा.

आता दुसरा बिघाड.
कूलर लावला आणि खिडकी बंद केली, तर?
"चिपचिप!" दोघंही एकदम.
नागपूरच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.
आत आलेल्याला बाहेर जायला वाट पाहिजे.
उन्हाची ऊब पृथ्वीवर येते,
आणि परत आभाळात निघून जाते.
थोडी अडली पाहिजेच, नाहीतर गोठून मरू.
पण आपण कोळसा जाळतो, पेट्रोल जाळतो,
आणि ती खिडकी बोटबोटभर लोटत राहतो.
कोराडीच्या चिमण्या लोटतात.
माझी स्कूटर लोटते.
फ्रिजमधला नवा गॅस कापडाला हात लावत नाही,
खिडकी मात्र तोही लोटतो.

"मंग हे दुरुस्त कोण करन?"

माझ्या पेटीत त्याचा पाना नाही, बाबू.
कापडाच्या वेळी एक वस्तू बंद करायची होती.
इथे तर सगळ्यांचेच हात खिडकीवर.

एवढ्यात भोयर साहेबांनी हॉर्न दाबला.
त्यांचा एसी उघडा पडलेला, गॅस काढून
सिलिंडरमध्ये भरायचा होता.
"काहून टाइम घालवता? द्या ना सोडून हवेत,
कोण पाहते?"

धाकटा मीटरच्या काचेला नाक लावून उभा होता.
मी नळी जोडली.
काटा शून्यावर यायला चाळीस मिनिटं लागली,
मधे लाइट गेली ती वेगळीच.
साहेब दोनदा चहा पिऊन आले.

पोरं निघाली तेव्हा साडेअकरा वाजले होते.
श्रावस्तीनं दुपट्टा माझ्या माठाखाली पुन्हा ओला केला.
धाकट्यानं खिशातला कांदा काढून
सिलिंडरवर ठेवला.
"तुमाले फिराव लागते ना उनात," म्हणाला.